मंडपातला तबला आणि मेटलचा ड्रम

२००३ च्या जूनमध्ये ‘मेटॅलिका’ या अमेरिकी बँडचा ‘सेंट अँगर’ हा अल्बम आला आणि चाहत्यांनी गाण्यांचं बरंवाईट बोलण्याआधी एका ड्रमवर तोंडसुख घेतलं. स्नेअर ड्रमच्या खालच्या पडद्याला लागून बारीक तारा असतात. वरून काठी बसली की त्या थरथरतात आणि आवाजाला तो ओळखीचा कोरडा कडाका येतो. ड्रमर लार्स उलरिकने या तारा सोडून ठेवल्या आणि निर्माता बॉब रॉकने तो आवाज तसाच ठेवला. ऐकणारे म्हणाले, हा तर रिकामा डबा वाजतोय. पुढच्या वर्षी याच अल्बमच्या शीर्षकगीताला ग्रॅमी मिळालं, तरी डब्याचा विषय काही संपला नाही. वीस वर्षं उलटून गेली आहेत आणि अजूनही मेटल संगीत ऐकणारी दोन माणसं भेटली की त्यावर वाद घालतात.

बाहेरच्याला हा वेडेपणा वाटेल. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांना आज नेमका हाच वेडेपणा हवा आहे. इथे वाजणाऱ्या तालवाद्यांचा आवाज गेल्या काही वर्षांत झपाट्याने बदलला आणि त्यावर कुणी भांडलं नाही. भांडण न होता जो बदल होतो, तो बहुतेक वेळा स्वस्त आणि सोयीचा असतो म्हणूनच होतो.

झाडीपट्टीची रंगभूमी हे याचं सगळ्यात जवळचं उदाहरण. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या धानाच्या चार जिल्ह्यांत दिवाळीनंतर मंडई नावाची जत्रा भरायला लागली की नाटकांचा हंगाम सुरू होतो आणि होळीपर्यंत चालतो. देसाईगंज, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं वडसा, हे त्याचं ठाणं. मंडळ्यांची कार्यालयं तिथे, तारखांची बोलणी तिथे. गावोगावी तिकीट काढून हजारो माणसं मंडपात बसतात, रात्री उशिरा पडदा उघडतो आणि नाटक पहाटेपर्यंत चालतं. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा उरलेल्या महाराष्ट्राला या रंगभूमीची दखल घ्यावीशी वाटली. ती दखलही अभिनयाची आणि विनोदाची होती. मंचासमोर बसून रात्रभर वाजवणाऱ्यांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही.

हे वादक नाटकाचा कणा आहेत. पदं, लावणी, विनोदी प्रवेशातल्या टपल्या, खलनायकाच्या प्रवेशाचा दणका, सगळं जागच्या जागी वाजतं. ऑर्गन आणि तबला ही जुनी जोडी. तिच्या शेजारी आता कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड येऊन बसले आहेत. आठ रबरी चौकोन असलेलं हे यंत्र जपानच्या रोलँड कंपनीने १९८५ मध्ये पहिल्यांदा बाजारात आणलं. १९९८ च्या ‘एसपीडी-२०’ या मॉडेलने तर भारतातले लग्नाचे ऑर्केस्ट्रे, भजनी मंडळं आणि गणेशोत्सवाचे मंच काबीज केले. एका चौकोनावर ढोल, दुसऱ्यावर काच फुटल्याचा आवाज, तिसऱ्यावर तबला. तो तबला जगात कुठेतरी, कुणीतरी, कधीतरी वाजवला होता. आता वडशाच्या मंडपात बोट पडलं की तोच एक ठोका बाहेर येतो, प्रत्येक वेळी तंतोतंत तसाच.

यात वादकाचा दोष नाही, हे आधीच सांगितलेलं बरं. मोठ्या मंडपात तबल्यासमोर माईक ठेवला की त्यात ऑर्गन शिरतो, नटाचा आवाज शिरतो, प्रेक्षकांच्या शिट्ट्या शिरतात. आवाज वाढवला की कर्णा किंचाळतो. थंडीत पुडी उतरते, मग हातोडी घेऊन गट्टे ठोकत बसा. ऑक्टोपॅडची वायर थेट साउंडवाल्याच्या पेटीत जाते आणि शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ पोहोचते. ज्याला रोज नव्या गावात, नव्या साउंडवर रात्र काढायची आहे, तो हेच करणार.

मेटलच्या ड्रमरांनी नेमकं हेच केलं आणि याच कारणाने केलं. या संगीतात पायाखालचे दोन बास ड्रम अफाट वेगाने वाजतात. मिनिटाला २०० मात्रांच्या लयीत प्रत्येक मात्रेचे चार ठोके घेतले तर सेकंदाला तेरा ठोके होतात. वरून विकृत केलेल्या गिटारींची भिंत. अशा गर्दीत खऱ्या ड्रमचा घुमारा एकमेकांत मिसळून नुसता चिखल होतो. म्हणून ध्वनिमुद्रकांनी ड्रमला ट्रिगर चिकटवले. पाय पडला की संगणक आधी साठवलेला टणक, टोकदार ठोका काढून देतो. ठोका मोजून ऐकू येतो, पण शंभर अल्बमांमध्ये एकच ड्रम वाजत असल्याचा भास होतो. स्वीडनच्या ‘मेशुगा’ने २००५ मध्ये ‘कॅच थर्टीथ्री’ या अल्बममध्ये पुढचं पाऊल टाकलं. सगळे ड्रम संगणकावर रचले. गंमत अशी की त्यासाठी वापरलेल्या ‘ड्रमकिट फ्रॉम हेल’ या संग्रहातले ठोके बँडचा ड्रमर टोमास हाके याच्याच हातचे होते. स्वतःचाच हात साठवून ठेवायचा आणि लागेल तसा काढायचा. तो अल्बम उत्तम आहे, कारण त्या यांत्रिक संगीताला यांत्रिक हातच हवा होता. त्यांनी निवड केली होती. वडशाच्या मंडपात निवड झालेली नाही. वायर सोपी पडली, इतकंच.

उलट दिशेने जाणारेही होतेच. अमेरिकेचा ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनी २०२४ मध्ये गेला. ड्रम म्हणजे ड्रम आणि तो ज्या खोलीत वाजतो ती खोली, असं मानून तो आयुष्यभर काम करत राहिला. त्याने ध्वनिमुद्रित केलेला ‘न्यूरोसिस’ या जडशीळ मेटल बँडचा १९९९ चा ‘टाइम्स ऑफ ग्रेस’ ऐकला तर ड्रमभोवतीची हवा ऐकू येते. त्याच्याही आधी, १९७१ साली बाहेर आलेल्या ‘लेड झेपेलिन’च्या चौथ्या अल्बममधल्या एका गाण्यासाठी जॉन बोनमचे ड्रम इंग्लंडमधल्या हेडली ग्रेंज या जुन्या घराच्या जिन्याच्या तळाशी मांडले होते आणि ध्वनिमुद्रक अँडी जॉन्सने माईक वर, जिन्याच्या उंचीवर टांगले होते. त्या गाण्यात बोनमइतकाच तो जिना वाजतो. गेली कित्येक वर्षं लोक तो आवाज कापून आपापल्या गाण्यांत चिकटवत आहेत.

अपघातानेही आवाज घडतात. १९७९ मध्ये लंडनच्या टाउनहाउस स्टुडिओत पीटर गेब्रिएलच्या तिसऱ्या अल्बमचं काम चालू होतं. गेब्रिएलची अट होती की झांजा वाजवायच्या नाहीत. ड्रमवर फिल कॉलिन्स. स्टुडिओच्या छताला एक साधा माईक होता, फक्त वादकांचं बोलणं आत ऐकू यावं म्हणून. त्यावर आवाज जबरदस्त दाबणारं यंत्र बसवलेलं होतं. ध्वनिमुद्रक ह्यू पॅडमने तो चालू केला आणि त्यातून ड्रमचा प्रचंड फुगलेला आवाज आला. मग त्याचा घुमारा विरण्याआधीच मध्येच छाटून टाकायचा, अशी युक्ती बसली. ‘इंट्रूडर’मध्ये तो आवाज पहिल्यांदा लोकांनी ऐकला, १९८१ मध्ये कॉलिन्सच्या ‘इन द एअर टुनाइट’ने तो घरोघरी नेला. त्यानंतर दशकभर पॉप, रॉक आणि इलेक्ट्रॉनिक ड्रम या छाटलेल्या घुमाऱ्याच्या नादी लागले. लंडनमधल्या एका छतावरच्या माईकची सावली अशी फिरत फिरत आपल्या लग्नाच्या वरातीपर्यंत आली.

तबल्याचा घुमारा छाटणं म्हणजे मात्र त्याचा जीवच काढून घेणं. साधा ताणलेला पडदा वाजवला की त्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी सुरेल नात्यात नसतात. म्हणून बहुतेक ढोलांचा आवाज गोंगाटाकडे झुकतो. तबल्याच्या पुडीवर शाईचे थर चढवले की पडद्याचं वजन मध्यभागी असं बसतं की हे उपस्वर सुरात येतात. ही गोष्ट विज्ञानाच्या भाषेत पहिल्यांदा मांडली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, शिवकाली कुमार यांच्यासह १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात. रामन त्याआधी, १९१० च्या सुमारास, सरकारी अर्थखात्यातल्या नोकरीनिमित्त नागपुरात होते. पुढे ज्या विषयावर नोबेल मिळालं त्याच्या कितीतरी आधी हा माणूस आपल्या चर्मवाद्यांचं कोडं सोडवत होता. ज्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांनी लोखंडाचा कीस आणि खळ घोटून शाई बसवली, त्यांना हे समीकरण कानाने आधीच माहीत होतं. एवढी मेहनत ज्या सुरासाठी, तो रबरी चौकोनावर एका साठवलेल्या नमुन्यात अडकतो. मींड घेणारा डग्गा तिथे नाही. चाटेवरचा आणि लवेवरचा फरक नाही. नटाने संवाद लांबवला तर तबलजी हात हलका करतो, कधी बोट नुसतं टेकवून ठेवतो. यंत्रावर हे जमतच नाही असं नाही, पण त्यासाठी ज्या दर्जाचं यंत्र आणि जो सराव लागतो तो एका हंगामाच्या बिदागीत बसत नाही.

नाटकाचा मंडप सोडून अजून आत, रानाकडे गेलं की ढोलाची गोष्टच वेगळी होते. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या नद्या भेटतात. त्या भागातल्या माडिया गावांत रेला नाचतात तेव्हा ढोल उघड्यावर वाजतो. भिंत नाही, छत नाही. पानांच्या दाटीत बारीक, तीव्र आवाज विखुरतो आणि लवकर मरतो. खालचा, जाड आवाज दूरवर जातो. थंडीच्या रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची ऊबदार असली की आवाज वर निसटण्याऐवजी वाकून पुन्हा जमिनीकडे येतो, म्हणून पल्याडच्या गावचा ढोल हिवाळ्यात जवळ वाटतो. रानातला मोठा ढोल या हवेसाठी आणि या झाडीसाठी घडलेला आहे. मेटलच्या बास ड्रमला जो टोकदार टिचका हवा असतो, तो इथे फर्लांगभरही टिकणार नाही. राजुरा आणि जिवतीच्या बाजूला, तेलंगणाच्या सीमेवर, गोंड आणि कोलाम गावांत ढेमसा नाचतात. सीमेपलीकडच्या आदिलाबादमध्ये दिवाळीला गुसाडीचा नाच निघतो, तिथे गुमेला, पर्रा, तुडुम यांचा वेगळाच मेळ असतो. गुसाडीचे गुरू कनक राजू यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, २०२४ मध्ये ते गेले. या प्रत्येक वाद्याचा आवाज वेगळा, ताणण्याची आणि शेकण्याची रीत वेगळी.

आणि हे सगळं आज कसं ऐकायला मिळतं? कुणाच्या तरी मोबाइलवर. मोबाइलचा इवला माईक मोठा ढोल वाजला की घाबरतो आणि आतली यंत्रणा आवाज आपोआप दाबून टाकते. ढोलाचा खालचा स्वर जवळजवळ गायब होतो, उरते ती खडखड. किंवा मग सांस्कृतिक महोत्सवात, जिथे पथकाला मंचावर आठ मिनिटं मिळतात, गाणाऱ्यांसमोर दोन माईक असतात आणि ढोलवाला मागे उभा राहतो. त्याच महोत्सवाच्या शेवटी डीजे लागतो. त्याचे बास मात्र छातीत घुमतात. जिल्ह्यातल्या मुलांना असं वाटू लागलं की आपला ढोल फुसका आणि डीजे दमदार, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

बाहेरच्या संगीतकारांना मात्र अशा आवाजांची किंमत केव्हाच कळली आहे. ‘टूल’ या बँडचा ड्रमर डॅनी केरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकला आणि त्याचे बोल त्याने आपल्या प्रचंड ड्रमसेटमध्ये इलेक्ट्रॉनिक पॅडवरून आणले. म्हणजे पॅड हेच पाप, असं मुळीच नाही. आधी हात शिकला, मग पॅड आलं. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक गुर्टू यांनी तबला आणि पाश्चात्य ड्रम यांची अशी मोट बांधली की बास ड्रमचं पेडलच काढून टाकलं, जमिनीलगत बसून वाजवू लागले आणि झांज वाजवून पाण्याच्या बादलीत बुडवू लागले. दिल्लीच्या ‘ब्लडीवूड’ने मेटलच्या मध्यभागी पंजाबी ढोल ठेवला आणि २०१९ मध्ये जर्मनीच्या वाकन महोत्सवात तो वाजवून दाखवला.

या लेखाच्या दृष्टीने सगळ्यात जवळचं उदाहरण ब्राझीलचं आहे. ‘सेपल्टुरा’ हा तिथला मेटल बँड. १९९६ च्या ‘रूट्स’ या अल्बमसाठी ही मंडळी मातो ग्रोसो राज्यातल्या शावांते आदिवासींच्या गावात गेली, तिथे राहिली आणि त्यांच्यासोबत ‘इत्सारी’ हे गाणं तिथेच ध्वनिमुद्रित केलं. अल्बमच्या इतर गाण्यांत कार्लिन्होस ब्राउनची ब्राझिली तालवाद्यं आहेत. निर्माता रॉस रॉबिन्सनने गिटारी जितक्या जाड ठेवल्या तितकेच ढोलही ठेवले. अल्बममधलं सगळंच जमलंय असं नाही, काही गाणी नुसती आरडाओरड वाटतात. पण ते त्या गावी गेले, ही गोष्ट महत्त्वाची. न जाता काय होतं तेही लक्षात ठेवायला हवं. सॉलोमन बेटांवर स्विस-फ्रेंच संशोधक ह्यूगो झेंप यांनी अफुनाक्वा नावाच्या बाईंचं एक अंगाईगीत ध्वनिमुद्रित केलं होतं. १९९२ मध्ये ‘डीप फॉरेस्ट’ या फ्रेंच जोडीने ते उचललं, खाली नाचाचा ताल घातला आणि ‘स्वीट लल्लबाय’ जगभर खपवलं. झेंप यांनी त्याला हरकत घेतली. गाणाऱ्या बाईंच्या गावाला त्यातून काय मिळालं, हा प्रश्न अभ्यासकांना कित्येक वर्षं छळत राहिला.

म्हणून गडचिरोलीत ध्वनिमुद्रण करायचं म्हटलं की पहिला प्रश्न माईकचा येत नाही, मालकीचा येतो. आणि त्याचं उत्तर या जिल्ह्याइतकं दुसऱ्या कुणाकडे नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, देशात पहिल्यांदा. २०११ मध्ये बांबू विकण्याचा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती आला. जंगलातल्या बांबूबद्दल गाव एकत्र बसून, सर्वांच्या संमतीने ठरवू शकतं, तर गावच्या ढोलाबद्दलही ठरवू शकतं. कोणता ठेका बाहेर द्यायचा, कोणता फक्त गावच्या देवासाठी ठेवायचा, कुणाचं नाव लागायचं, पैसे आले तर ते कुठे जायचे. मुंबई-पुण्याच्या संगीतकाराला गडचिरोलीचा ढोल हवा असेल तर त्याने ग्रामसभेत यावं, बसावं, विचारावं. तिथे नकारही मिळू शकतो, याची तयारी ठेवावी.

ध्वनिमुद्रण करणार कोण? गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून गडचिरोलीत आहे. आकाशवाणीचं केंद्र चंद्रपुरात आहे. दोघांकडे मिळून माणसं आहेत, वाहनं आहेत, आणि नसेल ते आणता येण्याजोगं आहे. यासाठी काचेचा स्टुडिओ बांधू नये. बांधला तर उद्घाटनाची फीत कापली जाईल आणि ढोल त्या खोलीत गुदमरेल. ‘सैराट’च्या वाद्यवृंदासाठी मराठी सिनेमा लॉस एंजेलिसपर्यंत गेला, कारण तारवाद्यांना मोठ्या दालनाची हवा लागते हे संगीतकार अजय-अतुल यांना पक्कं ठाऊक होतं. ढोलाला जी हवा लागते ती भामरागडात फुकट आहे. एक माईक कातड्याजवळ, एक ढोलाच्या अंगाशी, दोन माईक नाचणाऱ्यांच्या रिंगणाबाहेर आणि एक दूर, धानाच्या बांधीत. प्रत्येकाचा आवाज वेगळा साठवायचा, काही दाबायचं नाही, काही छाटायचं नाही. दूरचा माईक नंतर हवा तितका मिसळता येतो, पण ठेवलाच नसेल तर तो कुठून आणणार?

बदलाला विरोध करण्याचा हा विषय नाही. गोव्याच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचं कातडं लागायचं. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं, बकऱ्याचं आलं. आवाज थोडा बदलला, घुमट टिकला, आणि २०१९ मध्ये गोवा सरकारने त्याला वारसा वाद्याचा दर्जा दिला. चंद्रपूर-गडचिरोलीत उद्या ढोलाच्या कातड्याऐवजी दुसरं काही आलं, अंगासाठी झाडाऐवजी फायबर आलं, तरी आकाश कोसळणार नाही. मात्र नवा आवाज कसा आहे, तो बरा की वाईट, हे आधी कुणीतरी कान देऊन ऐकलेलं असावं.

झाडीपट्टीच्या मंडळ्यांसाठी तर याहून सोपं काम आहे. हंगामाच्या आधी वडशात तारखा ठरतात, नट-नट्यांची बिदागी ठरते, मुंबईचा पाहुणा कलाकार ठरतो. साउंडवाल्याशी होणाऱ्या बोलण्यात तबल्याच्या दोन माईकांची एक ओळ घालता येईल: एक पुडीजवळ, एक डग्ग्याजवळ, आणि वादकांच्या जागेकडे तोंड करून असलेला कर्णा थोडा वळवून. किंचाळणं निम्मं तिथेच थांबेल. ऑक्टोपॅड राहू द्यावा, खलनायकाच्या दणक्याला तोच बरा. काच फुटायचीच असेल तर ती त्यानेच फोडावी. पण पदाला आणि लावणीला तबला-ढोलकी वाजावी, आणि नाटकाच्या जाहिरातीत नटांच्या नावांखाली वादकांचीही नावं छापावीत. आजच्या बहुतेक जाहिरातींत पाहुण्या कलाकाराचा फोटो हातभर असतो. तबलजीला त्यातली बोटभर जागा मिळाली, तरी येत्या दिवाळीनंतर निदान त्याला विचारणारं कुणीतरी येईल की बाबा, काल तुझा डग्गा का ऐकू आला नाही.